गार वारा

सुजीतनं जुन्या व्हॅनला एसी बसवून घेतला. पहिल्याच दिवशी आई पापलेटांची टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला निघाली. तिनं एसीच्या जाळीपुढे हात धरून पाहिला, टोपली पुढच्या सीटवर नीट ठेवली आणि स्वतः मागे जाऊन बसली.

"आये, एसी तुज्यासाठी बसवलाय. म्हावरा ठेव मागे."

ती बिचकतच पुढे आली. बंद काचांबाहेर घिवलीची सुरूची झाडं आवाज न करता मागे सरकत होती. व्हॅन जणू पाण्याखालून चालली होती. गार वाऱ्यात तिचे डोळे मिटले.

"आये, बाजार आला."

तिनं डोळे उघडले नाहीत.

"गाडी घरी फिरव. आज पापलेट आपुनच खाऊ."