पिशवीवरचं आडनाव

“सही कर, झेफ! तुझ्या बाबांनीच पत्रात लिहिलंय,” आई ओरडली. अर्जावर सही केली की आईचं माहेरचं आडनाव लागणार आणि श्कोद्रा शहरातली शाळा मला परत घेणार. त्याच शाळेनं जनतेच्या शत्रूचा पोरगा म्हणून हाकललं होतं. पण बाबांना कैदी म्हणून राबायला डांबलंय त्या खाणीत आडनाव जुळलं तरच भेट मिळते. आईनं नोकरीसाठी कागदोपत्री घटस्फोट घेतलाय, म्हणजे त्यांच्या आडनावाचा उरलो मी. “मग बाबांना तंबाखू कोण नेणार?” मी म्हणालो. “तुझा पक्षवाला भाऊ?” “ते म्हणतात, येऊ नकोस, शिक.” “तोंडावर म्हणू देत ना!” मी तंबाखूची पिशवी शिवून जांभळ्या पेन्सिलीनं बाबांचं आडनाव ‘प्रेंगा’ लिहायला घेतलं. आईनं पेन्सिल हिसकावली. वाटलं, मोडणार. तर तिनं स्वतःच आडनाव ठळक अक्षरांत लिहिलं, आणि अर्ज माझ्या खिशात कोंबला. “त्यांच्यासमोर कर सही.” माझं डोकंच फिरलं. पण खाणीचा ट्रक सुटेल, निघतो.