दाढीची पैज

बर्निसच्या गळाला चौथा ट्राउट लागला, तेव्हा आर्विड आपल्या गळाच्या काठीच्या कड्यांत साचलेला बर्फ फुंकरा मारून वितळवत होता. त्याचे तीनच झाले होते. यलोस्टोन नदीवर गेले तीन हिवाळे हेच चाललं होतं. गळाला केसधागे गुंडाळून खोटी माशी कशी करायची, हे बायकोला शिकवलं त्यानेच. आणि आता तीच त्याचं नाक कापत होती!

"अगं, आहे तरी कसली ही माशी?"

"माझी मी बांधलेली," मासा हळूच पाण्यात सोडत ती म्हणाली. "जास्त चौकशा नकोत."

आर्विडची सटकली. बायकोकडून हरतो म्हणून गावात कॉफी प्यायला जायची सोय उरली नव्हती. "ऊन त्या कड्यावरून जाईपर्यंत तुझे मासे जास्त झाले ना, तर ही दाढी सफाचट!"

बर्निस पांढरीफटक पडली. "दाढी नको रे! दुसरं काहीही लाव."

आर्विडला एकदम भरून आलं. या दाढीला पोटची मुलगी नावं ठेवायची, पाद्रीबाबा टोमणे मारायचे. बाजू घेणारी एकटी बर्निस. दर रविवारी स्वयंपाकघरात बसवून ती स्वतः कात्री चालवायची. डाव्या गालावरच्या तांबूस पट्ट्यावर तर तिचा भारी जीव.

"शब्द म्हणजे शब्द," तो गुरगुरला.

मग काय झालं कोण जाणे. बर्निसची माशी काठावरच्या झुडपातच अडकली. तिला खोकल्याची उबळ आली. एक मासा लागला, तोही निसटला. आर्विडने मात्र थंडीने तळाशी सुस्तावलेले दोन काढले. पाच-चार! म्हातारा गोठलेल्या दाढीसकट बर्फात नाचला.

घरी बर्निस सूप गरम करत होती. आर्विडने गुपचूप तिची डबी उघडली. आत ओळीने बारा माशा. त्याने एक उचलून चष्म्याजवळ धरली. वर गुंडाळलेले केस हरणाचे नव्हते, कोल्ह्याचेही नव्हते. तो आरशासमोर गेला आणि माशी डाव्या गालाशी धरून बराच वेळ बघत राहिला. राग यायला हवा होता, पण मेलं हसूच फुटलं. त्याने डबी होती तशी ठेवून दिली.

रविवारी तो न बोलावताच गळ्यात टॉवेल गुंडाळून खुर्चीत येऊन बसला. बर्निसने कात्री उचलली.

"डावीकडची जरा जास्तच काप," आर्विड म्हणाला. "त्यातल्या सहा माशा मला लागतील."