फेंगशुईचे सात दिवस

"आरशाला कसली थंडी वाजतेय?" दारातच थबकून सासूने विचारलं.

दवाखान्यातली पिशवी सुनेच्या हातात होती. डॉक्टरांनी ठरल्यापेक्षा चार दिवस आधीच घरी सोडलं होतं, तेही हृदयाचं ऑपरेशन झालेल्या पंचाहत्तरीच्या बाईला. कागदावर दोनदा अधोरेखित केलं होतं: मनाला धक्का बसेल असं काही नको. आणि इथे बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या आरशावर पांढरी चादर होती. खुर्च्या भिंतीशी सरकवलेल्या आणि त्यांच्या जागी बुटकी स्टुलं.

सुनेने पिशवी खाली ठेवली. "ते... फेंगशुई आहे, आई."

"फेंग काय?"

"फेंगशुई. चिनी लोकांचं घर लावायचं शास्त्र. आमच्या दुकानात एक बाई पडदे शिवायला टाकतात, त्यांनी सांगितलं. आरशामुळे घरातली शक्ती उलटी फिरते म्हणे. आजारी माणसाला बाधतं."

सून पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची आणि असल्या गप्पांना तिथे तोटा नव्हता. पण हे ज्यूंचं घर होतं, तेही कडक पाळणाऱ्यांचं. दूध आणि मांस यांची भांडी वेगळी, कपाटं वेगळी. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू, मग शनिवारी रात्रीपर्यंत कोणी दिव्याच्या बटणाला बोटही लावायचं नाही. अशा घरात आपण हे काय आणून ठेवलं, असं तिला झालं. सासूच्या नजरेला नजर देणं जमेना.

"अगं, आपण एक देव मानणारी माणसं," सासू म्हणाली. "आरशाला कसली आलीय शक्ती?"

मोठा मुलगा स्टुलावरून उठून पुढे आला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, एरवी एक दिवस दुकान बंद ठेवायचा नाही, तो भरदिवसा घरात होता. सासूने त्याच्या गालावरून हात फिरवला.

"दाढी वाढवायलाही त्याच बाईने सांगितलं का? आणि ही कॉलर बघ. बायको गावाचे पडदे शिवते आणि नवऱ्याची कॉलर फाटकी. दिव्याखाली अंधार!"

"मी घालते टाके," सून पुढे झाली.

"राहू दे," तो मागे सरकला.

सासू थोडा वेळ त्या कॉलरकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "किती दिवस चालायचं हे तुमचं चिनी?"

"सात."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"म्हणजे रविवारी सुटका," बोटांवर मोजून ती म्हणाली. "रब्बींना विचारते मी. आपल्यात हे बसतं की नाही, ते सांगतील. आता पडते जरा."

गुरुवारी रब्बी तब्येतीची चौकशी करायला आले. पाण्याचा पेला पुढे व्हायच्या आधीच सासूने विचारलं.

"हे चिनी शास्त्र आपल्या धर्मात बसतं का हो?"

रब्बींनी सुनेकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"घर कसं लावावं याला धर्माची ना नाही," ते सावकाश म्हणाले. "पलंग कुठल्या दिशेला असावा, यावर आपल्या जुन्या गुरूंनीही मत दिलंय. वस्तूला देव मानू नये, म्हणजे झालं."

"आणि आरसे झाकले तर?"

"जीव जपण्यासाठी धर्म पुष्कळ गोष्टी चालवून घेतो."

"मग प्रश्नच मिटला," सासू म्हणाली आणि तिने औषधाची गोळी मागितली.

त्या दिवशी सून स्वयंपाकघरात एकच पातेलं तीनदा घासत होती. "मला नाही जमत," ती नवऱ्याला म्हणाली. "आई प्रेमाने बोलतात आणि मी तोंडावर थापा मारते. त्यात आता रब्बींनाही ओढलं. मला माझीच किळस येते."

"रविवारपर्यंत," तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

ती विसरली नव्हती. म्हणून तर जीव टांगणीला लागला होता. आईंना काही झालं तर ते आपल्या एका वाक्यामुळे होणार, ही खूणगाठ तिने मनाशी बांधली होती.

शुक्रवारी दुपारी तिने स्टुलं आत नेली आणि खुर्च्या पुन्हा मांडल्या. मोठा मुलगा धड शर्ट घालायला आत गेला. एरवी या वेळी सासू फोनला चिकटून बसायची, कारण बोटीवर नोकरीला असलेल्या धाकट्याचा फोन शब्बाथच्या आधी यायचा. आज ती तिकडे फिरकली नाही. मांडलेल्या खुर्च्या बघत उभी राहिली.

"झाले सात दिवस?"

"नाही आई. शब्बाथपुरतं. उद्या शब्बाथ संपला की पुन्हा खाली."

"तुझ्या त्या फेंगशुईवाल्या बाई शब्बाथ पाळतात वाटतं."

सुनेच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

सासूने आतल्या खोलीचं दार बंद आहे ना ते बघितलं. मग सुनेला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर बसली.

"हे गेले तेव्हा या आरशावर मीच चादर घातली होती. शोकाचे सात दिवस खाली कशासाठी बसतात, सख्ख्यांची कॉलर कशासाठी फाडतात, हे या घरात मला कोणी शिकवायला नको. बुधवारी दारातच कळलं मला."

सुनेने तोंडावर हात दाबला.

"रडू नकोस. धाकटा कसा गेला, तेवढं सांग," सासू म्हणाली. "आणि हळू बोल. मला कळलंय हे मोठ्याला कळता कामा नये. भाऊ गेला, पण आईला वाचवलं, एवढं तरी त्याला वाटू दे."