खडखडाटात शिकलेलं

गिरणीत मागांच्या खडखडाटात कुणाचं काही ऐकूच यायचं नाही, त्यामुळे ओठ बघूनच बोलणं ओळखायचं. विणकराची ती सवय घरीही सुटली नाही, लेक त्यातच वाढली. पुढे गिरणी बंद पडली. त्याच शेडमध्ये कॉल सेंटर आलं, लेक तिथे नोकरीला लागली आणि बाप दारावर वॉचमन.

आज साहेब मंडळी दोन तास दारासमोरच्या काचेच्या केबिनमध्ये होती. बाहेर चकार शब्द येत नव्हता. सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला.

मोठे साहेब हसतच बाहेर आले. "काही काळजी करू नका, कामाला लागा."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. लेकीने दाराकडे पाहिलं.



बापाने नुसते ओठ हलवले, आणि लेकीने टेबलाचा खण रिकामा करायला घेतला.