तिथी नसलेला

ऐन सर्वपित्रीला सुनेनं पोस्टाच्या तिकिटांच्या प्रदर्शनासाठी कोल्हापूरला निघावं, हे हौसाक्कांच्या पचनी पडेना. "आज पितरांची पानं काय कावळ्यांनीच वाढून घ्यायची?" असं त्यांनी सकाळपासून तीनदा विचारलं होतं.

"मीही पितरांनाच घेऊन चाललेय, आक्का," म्हणत शैलजानं वही उघडली. पाच वर्षं खपून जमवलेली तिची तिकिटं पहिल्यांदाच प्रदर्शनात लागणार होती. पानोपानी माणसाचे आदिम पूर्वज. कुणाची नुसती कवटी, कुठं लेकरू कडेवर घेऊन चाललेली बुटकी बाई.

आक्कांचं बोट एका बोळक्या म्हाताऱ्यावर थांबलं. शाळा दुसरीतच सुटली, तरी आकडे त्यांना वाचता येत. "ही शिक्क्यातली तारीख म्हणजे याची तिथी का गं?"

"तो पोस्टाचा शिक्का. याला जाऊन लाखो वर्षं झाली, तिथी कुणाला माहीत? पण हाडं सांगतात, दात पडल्यावरही हा बरीच वर्षं जगला."

आक्का त्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "म्हणजे कुणीतरी रोज मऊ करून भरवलं. अंगावर चिंधी नाही, डोक्यावर छप्पर नाही, पण म्हातारं टाकलं नाही."

वही मिटून त्यांनी स्वतः सुनेच्या पिशवीत ठेवली.

"तिथी ठाऊक नसलेल्यांचा मान आजच असतो. घरच्यांना मी जेवू घालते, या थोरल्यांना तू मिरवून आण. आणि त्या बोळक्याचं एक पान वेगळं मांडते. नुसत्या खिरीचं."