घरचा दाणा

"पोरी, ज्वारीच्या चुंगड्यात गोळ्यांची पुरचुंडी ऱ्हायलीया! म्हातारीला कळू नये म्हणून घाईनं काढलं, बघितलंच न्हाई. कुणाला हात लावू दिऊ नगंस!"

जोतीराम आबा फोनवर ओरडत होते. सबीनाने वळून पाहिलं. कोपरा रिकामा होता. सकाळी आबांनी स्वतः आणून ठेवलेलं चुंगडं, ते लहानसं पोतं, दुपारच्या आत कुणीतरी उचललं होतं.

कॉलेजातली ही शिध्याची खोली तीच चालवायची. भाड्याच्या खोल्यांत राहून हातानं रांधून खाणारी गरजू पोरं इथून धान्य न्यायची. नियम एकच, तोही तिचाच. नाव विचारायचं नाही. पोर आत शिरलं की आपण दाराकडे पाठ करून बसायचं. लाजेपायी कुणी उपाशी राहू नये, एवढंच. आज तोच नियम गळ्याशी आला होता. धान्यातल्या त्या गोळ्यांच्या वासाने किडे मरतात आणि बंद खोलीत झोपलेला माणूसही.

"आवं आबा, न्हेलं की कुणीतरी! आमी नाव इचारत न्हाई."

आबा सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. साऱ्या पलूसला त्यांचा आवाज ठाऊक. तो आवाज आता पार चिरकला.

"चिंचंजवळच्या खोल्यांत यशराज म्हणून पोरगं हाय, तुमच्याकडनंच दाणा न्हेतंय. फोन उचलंना झालाय. पळ पोरी, पळ!"

आबांना कसं माहीत, हे विचारायचंही सबीनाला सुचलं नाही. ती धावत सुटली. दाराला आतून कडी. खिडकीला पुठ्ठा ठोकलेला. तिने दार बडवलं, हाका मारल्या. आपणच एका पोराचा जीव घेतला, असं तिला वाटून गेलं. मग आतून कशीबशी कडी निघाली. यशराज चौकट धरून उभा होता, चेहरा पांढराफटक.

"डोकं लय जड झालंय," एवढंच तो बोलला.

चुंगडं त्याच्या उशाशी होतं. तिने त्याला ओढत बाहेर काढलं, रिक्षात घातलं.

"थोडक्यात निभावलं," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. तिने आबांना फोन लावला. "जोतीराम आबा, तुमचं चुंगडं न्हेलेलं पोरगं वाचलं."

नाव ऐकताच यशराज खाटेवर उठून बसला.

"माझ्या आजोबांचं चुंगडं? शक्यच न्हाई. भरती सोडून कॉलेजात आलो, तवा सगळ्या भावकीदेखत बोलल्यात ते. घरचा दाणा मिळायचा न्हाई तुला म्हणून."

फोन चालूच होता. आबांनी सगळं ऐकलं होतं.

"मग? घरचा दाणा कुठं दिला?" म्हाताऱ्याला हुंदका आवरेना. "कॉलेजाला दिला की."