शिक्का 'विनोदी'

मुलाखतीला चार मिनिटं होती, तेव्हा वाहिनीचे प्रमुख शिरसाट शिक्के मारण्याच्या खोलीत स्वतः आले.

"ठोसरबाई, आज 'करुण' लावा. स्टुडिओच्या आगीत माझी चूक नव्हती, हे लोकांना पटलं पाहिजे. माझी मुलगीही घरी बघतेय."

"लावते की, साहेब."

कार्यक्रमावर जो शिक्का असेल, तीच भावना कानामागच्या पट्टीतून प्रेक्षकाच्या मनात उतरे. कुंदा ठोसरने स्वतःची पट्टी अकरा वर्षांपूर्वी उपटून काढली होती. त्या दिवशी आधी चित्रित केलेल्या मुलाखतीत तिचे वडील पडद्यावर हात जोडून सांगत होते, की कारखान्याचं पाणी विहिरीत मुरतंय, माणसं मरतायत. कारखान्याचा मालक शिरसाटांचा मित्र होता, म्हणून त्यांनी शिक्का मारला होता 'विनोदी'. सारं राज्य हसलं. कुंदाही पोट धरून हसली. शेजारी बसलेले, पट्टी न लावणारे वडील तिच्याकडे बघत राहिले, तरी तिचं हसू थांबेना. त्यानंतर ते कुणाशीच बोलले नाहीत.

शिरसाट कॅमेऱ्यासमोर बसले आणि बोलता बोलता खरंच रडले. कुंदाने शिक्का आधीच मारला होता.

बाहेर येताच त्यांनी मुलीला फोन लावला. "पटलं ना गं?"

"बाबा," हसून हसून तिला बोलवत नव्हतं, "ते डोळे पुसायचं परत करून दाखवा ना!"

शिरसाटांनी वळून दारात उभ्या असलेल्या कुंदाकडे पाहिलं.

"तिला रागावू नका, साहेब," कुंदा म्हणाली. "मलाही थांबता आलं नव्हतं."